दोन जागा रिकाम्या आहेत

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

भाकऱ्या उरकल्या असतील तर टेका, नसतील तर थापता थापता ऐका. आमच्या बोलण्यानं तवा अडणार नाही.

आम्ही आठ जणी होतो, आता सहा उरलोय. आम्हाला पुन्हा आठ व्हायचंय. तेवढंच सांगायला आज इथं आलोय. कर्जाचं काम नाही, शिलाई मशीन नाही, कुठली योजना नाही. खेळ आहे. दर मंगळवारी रात्री साडेनऊ ते अकरा आम्ही फोनवर एक खेळ खेळतो. दोघी गावात आहेत, एक शेजारच्या वाडीवर, एक लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली, एक पुण्याला हडपसरला, आणि एक ऊसतोडीला जाते, तिचं पुढं सांगू. कमी झालेल्या दोघींपैकी एकीची मुलगी यंदा दहावीला आहे, दुसरीच्या घरी सुनेचं बाळंतपण. भांडण नाही काही. पण सहा जणींत कुणीतरी गैरहजर असतेच. तिघी-चौघी उरल्या की गोष्ट पुढं सरकत नाही. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन मंगळवार मोडले, तेव्हा आम्हाला धास्ती बसली. भिशी अशीच मोडते, भजनी मंडळ असंच मोडतं. कुणी बंद करत नाही, एक दिवस नुसतं होत नाही.

खेळ कसा असतो ते आधी ऐका.

आमच्यातली एक जण सांगणारी असते. ती म्हणते, ‘तुम्ही घाट उतरून आलात. अंधार पडलाय. ओढ्यावरचा साकव मोडलाय. पलीकडच्या देवळात दिवा दिसतोय, पण आत माणूस दिसत नाही. काय करता?’ आणि गप्प बसते. बाकीच्या प्रत्येकीनं एकेक सोंग घेतलेलं असतं. एक कासारीण आहे, घरोघरी बांगड्या भरते म्हणून तिला मुलखातलं सगळं ठाऊक. एक वैदू आहे. एक राजाची चाकरी सोडून आलेली सैनिक आहे. एक आहे तिला जनावरांची भाषा कळते. कासारीण म्हणते, ‘मी इथूनच हाक देते, बांगड्या घ्या बांगड्या.’ सांगणारी म्हणते, ‘उत्तर आलं. पण ते तुमच्या पाठीमागून आलं.’ झालं, सुरू.

जमेल की नाही असा पेच आला, की फासे टाकायचे. लुडोचे दोन फासे. बेरीज दहा किंवा वर आली, की मनासारखं होतं. सात ते नऊ आली, तर काम होतं पण त्याची काहीतरी किंमत पडते. सहा किंवा खाली आलं, की पुढचं सांगणारीच्या हातात. हिशोबाची आवड असणाऱ्यांसाठी सांगतो: दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. त्यातले फक्त ६ दहा किंवा वर जातात, १५ मधले आणि १५ खालचे. म्हणजे निर्भेळ यश सहातून एकदाच. गंमत सगळी मधल्या पंधरात आहे.

फोनवर फासे दिसत नाहीत, मग खरं-खोटं कसं कळायचं? आम्ही स्टीलच्या ताटलीत टाकतो. आवाज सगळ्यांना आला पाहिजे. आकडा मात्र तिनं सांगितला तो खरा. इतक्या दिवसांत कुणी खोटं बोललं असेल तर बोललं असेल, पण पडणारे आकडे इतके वाईट असतात की तसं वाटत नाही.

हा खेळ मूळचा आपला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून काढला. त्याआधी लोक टेबलावर सैनिकांच्या लहान बाहुल्या मांडून लढाया खेळायचे. या दोघांनी सैन्य काढून टाकलं आणि एका खेळाडूला एकच माणूस दिला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती, त्या दिवसांत तो घरी बूट-चपला दुरुस्त करायचा. पहिल्या हजार प्रती घरातच बसून खोक्यांत भरल्या. हे आम्हाला फार आवडतं. आपणही पापडाची पाकिटं अशीच भरतो. त्या खेळात चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे लागतात. तसले फासे आपल्या बाजारात कुठून मिळणार? आम्ही वापरतो ती दोन साध्या फाशांची पद्धत २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातून आली. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या नवरा-बायकोनं तो केला. आमच्यातल्या एकीची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर हे सगळं शिकली. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी आली आणि करमेना म्हणून आईशी खेळायला लागली. तिनं नियम अर्ध्या पानात मराठीत लिहून दिले. ते अर्धं पान अजून चालतंय, हळद लागलीय त्याला.

राक्षस-ड्रॅगन आम्ही बाजूला ठेवले. आमच्या मुलखात पिंपळावर मुंजा आहे, वेताळाची पालखी निघते, भुतांचा आठवडी बाजार भरतो आणि तिथं उधारी चालत नाही. तसं पाहिलं तर सोंग घेऊन आयत्या वेळी बोलणं आपल्याकडं जुनंच आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. तमाशातली बतावणीही तशीच रंगत जाते. फरक इतकाच, की तिथं आपण समोर बसून बघणाऱ्या.

आता नव्या बायकांना बोलवायचं कसं, यात आम्ही काय काय घोळ घातले ते ऐका. आमच्यासारखा कुणाला काही गट चालवायचा असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा आम्ही बचत गटाच्या व्हॉट्सअॅपवर मोठा मेसेज टाकला. त्यात ‘फँटसी’, ‘रोलप्लेइंग’ असे शब्द होते. बावीस जणींनी वाचला. एक अंगठा आला, तोही अशा ताईंचा, ज्या मयताच्या बातमीलासुद्धा अंगठा देतात.

मग आम्ही मासिक बैठकीत तोंडी सांगितलं, ‘भातुकलीसारखं असतं.’ त्यावर एक वहिनी म्हणाल्या, ‘खरी चूल आवरेना, आता खोटी मांडू काय?’ सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो आणि विषय संपला.

तिसऱ्यांदा एक जण आली. आम्हाला इतका आनंद झाला, की आम्ही तिला एक तासभर नियमच समजावले. मग खेळ सुरू झाला. सांगणारीनं विचारलं, ‘काय करतेस?’ तिनं तोंड उघडायच्या आत आमच्यापैकी तिघी बोलल्या: तिकडं नको जाऊ, आधी दिवा लाव, त्याला विश्वासात घे. ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्या वेळीही ‘बरं’. दीड तासात ती पाच-सहा वेळा ‘बरं’ म्हणाली असेल. नंतरच्या मंगळवारी तिच्या फोनला चार्जिंग नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नव्हतं.

आम्हाला वाटलं तिला आवडलं नाही. पण हडपसरची म्हणाली, ‘अगं, तिला घरी सासू सांगते काय करायचं, रानात दीर सांगतो, इथं आपण सांगितलं. मग ती आली कशाला?’ त्यावर फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. नवीन बाईला ‘काय करतेस’ विचारलं, की जुन्यांनी मनात दहापर्यंत मोजायचं. ती चुकली तरी चुकू द्यायचं. साकव मोडलेला असताना ती त्यावर पाय देते म्हणाली, तर देऊ द्यायचा. ओढ्यात पडली तर आपण ओढून काढू, खेळच आहे तो. हे सोपं नाही बायांनो. दहा मोजताना जीभ चावावी लागते.

आणि याचा गुण आला. पुढच्या वेळी साठीच्या एक आत्या आल्या. त्यांना आम्ही नियम सांगितलेच नाहीत. म्हटलं, अर्धा तास नुसतं ऐका. मग आमची मंडळी किल्ल्याच्या वेशीशी पोचली. पहारेकरी विचारतो, ‘रात्रीच्या कशाला आलात?’ सांगणारी म्हणाली, ‘आत्या, तुम्हीच उत्तर द्या.’ आम्ही मोजायला लागलो. सात-आठ झालं असेल, आत्या एकदम रडक्या आवाजात म्हणाल्या, ‘मयताला आलोय रे बाबा, सोड आत.’ फासे टाकले, आठ पडले. म्हणजे काम झालं, पण किंमत पडली. पहारेकऱ्यानं दार उघडलं, पण तो म्हणाला, ‘माझ्याच नात्यातलं असेल, मीपण येतो रडायला.’ मग तो पहारेकरी दोन मंगळवार आमच्यासोबत हिंडत होता, मयत कुठंय विचारत. आत्यांनी त्यानंतर एकही मंगळवार चुकवलेला नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या कागदावर नातवानं काठी, गाठोडं आणि कंदील अशी चित्रं काढून दिलीत. नेमकी ती तीनच वस्तू त्यांच्या सोंगाजवळ आहेत.

पण एक गोष्ट अशी घडली, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती सांगायची परवानगी आम्ही त्या बाईकडून घेतली आहे. नाव-गाव सांगणार नाही.

आत्यांच्या आधीची ही गोष्ट. ओळखीतून एक बाई आमच्यात आली होती. चांगली रमली होती. वैदूचं सोंग तिनं मागून घेतलं होतं. तिसऱ्या मंगळवारी आमची सांगणारी रंगात आली. तिनं सांगितलं, की वाटेत एक विहीर लागते, आणि विहिरीतून आसरा हाक मारतायत, एकेकीला नावानं. वैदूचं नाव घेऊन हाक आली. ‘काय करतेस?’ उत्तर नाही. आम्हाला वाटलं रेंज गेली. कुणीतरी म्हणालं, ‘आसरांनी नेली वाटतं तिला.’ आम्ही खूप हसलो.

रेंज गेली नव्हती. तिनं तिच्या बाजूचा आवाज बंद केला होता. आमचं हसणं तिला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी जिनं तिला आणलं होतं, तिच्याकडून कळलं. त्या बाईची धाकटी बहीण विहिरीत सापडली होती. त्याला बरीच वर्षं झाली. गावानं तेव्हा आसरांचं नाव घेतलं आणि विषय मिटवला. त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही.

आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. तिनं चहा केला. पावसाचं बोलली, सोयाबीनच्या भावाचं बोलली. आम्ही माफी मागितली, ती ‘असू दे’ म्हणाली. निघताना उंबऱ्यापाशी म्हणाली, ‘आधी विचारायचं होतं.’ ती परत खेळायला आली नाही. तिची जागा म्हणून आम्ही वैदूचं सोंग बरेच दिवस कुणाला दिलं नाही.

तिनं म्हटलं तसं आता आम्ही आधी विचारतो. हे आम्हीच शोधून काढलं असं नाही. हा खेळ खेळतात तिथं बऱ्याच ठिकाणी याच्या पद्धती आहेत. जॉन स्टावरोपोलस नावाच्या एका खेळाडूनं ‘एक्स कार्ड’ काढलं. टेबलाच्या मध्ये फुली मारलेलं कार्ड ठेवायचं. कुणाला एखादी गोष्ट सोसवेना, तर त्यानं कार्डाला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, तो भाग गोष्टीतून काढून टाकायचा. फोनवर कार्ड कुठून आणणार, म्हणून आमच्याकडं शब्द आहे: ‘झाकण’. कुणी ‘झाकण’ म्हटलं, की सांगणारी तिथंच थांबते आणि गोष्ट दुसरीकडं वळवते. एकदा एकीनं घरात सुनेला ‘दुधावर झाकण’ म्हणून ओरडून सांगितलं आणि वेताळ जागच्या जागी गायब झाला. तेही चालतं.

आणि नवी येणार असेल, तर खेळाच्या आधी दोघी जणी तिला फोन करतात. गोष्टीत काय अजिबात नको, काय लांबून आलं तर चालेल, आणि काय आवडेल, एवढं विचारतात. का नको, हे विचारायचं नाही. आमच्या यादीत आज बुडणं आहे, जळणं आहे, हरवलेलं मूल आहे, दारू पिऊन मारणारा माणूस आहे. साप आहे. अजगर तरी चालेल का विचारलं, तर नाही म्हणाली. म्हणून आमच्या मुलखात साप नाहीत, उंदीर फार झालेत.

आता घरचे काय म्हणतील, ते. कारण खरी अडचण तिथंच असते.

‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की घरच्यांना जुगार आठवतो, आणि त्यांचं चुकत नाही. कितीतरी घरातली पोरं त्यात पैसे घालवून बसलीत. संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आमच्या खेळात पैसा नाही. काही डाउनलोड करायचं नाही, ओटीपी नाही, वर्गणी नाही. साधा व्हॉट्सअॅपचा ग्रुप कॉल असतो, तोही आवाजाचा. व्हिडिओ आम्ही ठेवत नाही. त्यात डेटा जास्त जातो, शिवाय पसारा दिसतो.

दुसरा प्रश्न, रात्री कुणाशी बोलते. हा आम्हा सगळ्यांनाच विचारला गेलाय. त्यावर भांडण्यापेक्षा पहिले काही दिवस फोन स्पीकरवर ठेवा, असं आमचं मत आहे. एकीचे मालक आधी धुसफुसायचे. चौथ्या मंगळवारी बाजेवरून आवाज आला, ‘ते दार उघडू नका म्हणावं.’ आता दर मंगळवारी ते जागे असतात. फासे मात्र आम्ही त्यांना टाकू देत नाही.

सगळ्यांनाच स्पीकर परवडतो असं नाही, हे आम्हाला माहीत आहे. काही घरांत सुनेनं मोठ्यानं हसलेलंही खपत नाही. अशा कुणाला यायचं असेल, तर आमच्यातल्या गावातल्या दोघींपैकी एकीकडं येऊन बसा, एका फोनवर दोघी खेळता येतं. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो मालकांबरोबर पाणी धरायला रानात जातो, त्यांनीही तसंच करावं. रात्रीची वीज कधी येईल ते काय आपल्या हातात नाही.

अनोळखी माणसाला आम्ही घेत नाही. नवी बाई आमच्यापैकी कुणाच्या तरी ओळखीची लागते, नाहीतर आधी दोघींनी तिला भेटायचं. म्हणून आज रेडिओवर नंबर सांगणार नाही. नंबर हवेत सोडला की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

ऊसतोडीला जाणारीचं राहिलं. ती दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर जाते. फडावर पहाटे उठायचं, रात्री गाडी भरायची, तिथं कसला खेळ? म्हणून तिची सैनिक तेवढे दिवस गोष्टीत एका मठात झोपलेली असते. पाडव्याच्या आगेमागे ती परत येते, तेव्हा पहिल्या मंगळवारी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मी झोपले होते तेव्हा कुणी पांघरूण घातलं का?’ घातलेलं असतं. आम्ही दर महिन्याला एकदा तेवढ्यासाठी मठात जातो. तिची जागा रिकामी धरू नका. रिकाम्या दोनच आहेत.

ज्यांना यावंसं वाटतंय, त्यांनी रेडिओच्या कार्यालयात आपलं नाव आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, एवढं सांगून ठेवावं. आमच्यातल्या दोघी तुम्हाला फोन करतील, किंवा जवळ असाल तर घरी येतील. एक मंगळवार नुसतं ऐकायला या. नाही पटलं तर चार्जिंगचं निमित्त सांगू नका, सरळ नाही म्हणा, आम्हाला राग येत नाही. वैदूचं सोंग आता मोकळं केलंय, हवं तर ते घ्या. नाहीतर तुमचं तुम्ही घेऊन या.

गोष्ट सध्या किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजाशी अडलीय. दरवाजाला कडी बाहेरून लावलेली आहे, आणि आतून कुणीतरी हळूच कडी वाजवतंय. पहारेकरी पळून गेला. आत्या म्हणतात उघडायचं, कासारीण म्हणते नको. येताना दोन फासे आणि एक ताटली घेऊन बसा.